कातळावर दोघी

बूट कपाटाच्या तळाशी, चटईच्या गुंडाळीमागे सापडले. खाचांमधला चिखल वाळून दगडासारखा झाला होता. बाल्कनीत बसून मी तो जुन्या टूथब्रशने खरवडत होते. नवरा चहाचा कप घेऊन मागे कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

"हे कशाला काढलेस?"

"थंडी पडलीय," मी म्हटलं. "परत सुरू करते."

तो वळला. आत गेला. टीव्ही लावल्याचा आवाज आला, मग लगेच बंद केल्याचा.

त्याचं असं आत जाणं मला समजत होतं. आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी अंबरनाथच्या पूर्वेला, चिखलोली धरणामागच्या डोंगरावरून उतरताना पडले होते. शेवाळलेल्या दगडावरून उजवा पाय सटकला आणि घोट्यातून कट्ट असा आवाज आला. पाऊस लागला होता, फोनला रेंज नव्हती. गवत कापायला आलेल्या दोन बायकांच्या कानावर माझ्या हाका पडल्या तोवर दुपार झाली होती. गावातल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून मला खाली आणलं. मग ऑपरेशन, घोट्यात स्टीलची पट्टी आणि स्क्रू, प्लास्टर, कुबड्या, फिजिओथेरपी. त्या दिवशी नवऱ्याने मला कुठे कुठे शोधलं, कोणाकोणाला फोन केले, कोणत्या कोणत्या दवाखान्यात जाऊन चौकशी केली, हे त्याने मला कधी सांगितलं नाही. ते पुढे त्याच्या बहिणीने सांगितलं.

त्याआधी पाच-सहा वर्षं मी डोंगरात धावत होते. सुरुवात वजन कमी करायची म्हणून झाली होती. बदलापूरला आमच्या हेंद्रेपाड्यातून नदीकाठच्या रस्त्याने मी आणि ऑफिसातल्या एकदोन मैत्रिणी पळायचो. त्यांनी सोडलं, मी डोंगराकडे वळले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. दिवसभर उभं राहून नमुने तपासायचे, नाकात सॉल्व्हंटचा वास. रविवारी सकाळी पायवाटेवर पळताना मात्र पुढचं पाऊल कुठे पडणार एवढंच डोक्यात असतं, बाकी काही येत नाही. पडल्यानंतरच्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त आठवण त्याचीच यायची.

संध्याकाळी नवऱ्याने बोलायचं ठरवलं असावं. भाजी निवडत असताना तो समोर येऊन बसला.

"जायचं तर जा. मी नाही म्हणणार नाही. पण एकटी जायचं नाही."

"कोण येणारे माझ्याबरोबर?"

"ताई येईल. तिला डॉक्टरने चालायला सांगितलंय. मी बोललोय तिच्याशी."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहते. यजमान वारल्यापासून एकटीच. मुलगा पुण्याला नोकरीला. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायच्या एका कारखान्यात ती सुपरवायझर आहे. पंधरा-वीस बायका तिच्या हाताखाली. आवाज असा की मशिनींच्या घरघरीतूनही शेवटच्या टेबलापर्यंत जावा. डोंगर तिने आयुष्यात ट्रेनच्या खिडकीतूनच पाहिलेला.

"तुम्ही मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"मागच्या वेळी तू विचारलं होतंस?"

मी पुढची जुडी हातात घेतली.

आधी काही आठवडे मी सपाटीवरच धावले. फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा सकाळी नदीकडचा रस्ता. थंडीत घोटा इतका आखडायचा की बिल्डिंगचे जिने दोनदा चढून-उतरून मगच मी गेटबाहेर पडायची. रस्त्याकडेला शेकोटीभोवती बसलेले वॉचमन माझ्याकडे बघायचे. धुक्यातून कुत्री भुंकत अंगावर यायची, तेव्हा थांबून चालावं लागायचं आणि परत धावायला लागलं की पायाचं आखडणं पहिल्यापासून सुरू. संध्याकाळी घरी आल्यावर घोटा सुजलेला असायचा. नवऱ्याला दिसू नये म्हणून मी मोजे काढायची नाही.

डोंगरावर जायच्या पहिल्या रविवारी ताई अंबरनाथ स्टेशनबाहेर उभी होती. पंजाबी ड्रेसखाली नवेकोरे पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्यावर जाड लोकरी शाल, हातात पाण्याची दोन लिटरची बाटली.

"एवढं पाणी?" मी विचारलं.

"मग काय, वरती नळ आहे?"

ती स्कूटरवर मागे बसली आणि पूर्ण रस्ताभर कारखान्यातलं बोलत राहिली. जीन्सचा लॉट अर्जंट होता, सेठ डोकं खात होता, एक बाई सारखी सुट्ट्या घेते. डोंगराच्या पायथ्याला गाव आहे, तिथे स्कूटर लावून आम्ही निघालो.

वाट अशी आहे. गावामागून डोंगराची एक सोंड हळूहळू चढत जाते. अर्ध्यावर एक छोटं पठार लागतं, त्याच्या मधोमध उघडा कातळ, आमच्या हॉलपेक्षा थोडा मोठा. तिथून पुढे वाट गवतातून, मग एका मुरमाड, सुट्या दगडांच्या उतारावरून खिंडीपर्यंत जाते. त्या उताराला गावात घसारा म्हणतात. मी पडले ती जागा तीच.

ताईला कातळापर्यंत यायला तासभर लागला. ती लाल झाली होती, धापा टाकत होती. कातळावर शाल पसरून बसली आणि म्हणाली, "मी इथून हलत नाही. तुला जायचं तिथे जा. मी आहे इथे."

"तुमचे भाऊ विचारतील."

"भावाला मी बघते. तू पळ."

असं आमचं ठरून गेलं. दर रविवारी ती कातळावर बसायची, फोनवर गाणी लावायची. मी खिंडीपर्यंत धावत जायची आणि परत यायची.

परत यायची म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. चढताना मला काही वाटायचं नाही. छाती फुलायची, मांड्या भरून यायच्या, पण ते ओळखीचं होतं. खिंडीत पोचून तोंड फिरवलं, खाली घसारा दिसला, की हाताला घाम फुटायचा. त्या थंडीत. उजवा पाय उचलायचा नाही. मी स्वतःला समजवायची की आता पाऊस नाही, दगड कोरडे आहेत, हाड जुळलंय, डॉक्टरने एक्स-रे दाखवलाय. पाय ऐकायचा नाही. मग मी खाली बसायची आणि बुडावरून सरकत, दोन्ही हातांनी दगड धरत उतरायची. ट्रॅकपँटला मागून भोक पडलं. जिथे मी पूर्वी उड्या मारत उतरायची तिथे असं सरपटताना मला स्वतःचा इतका राग यायचा की डोळ्यांत पाणी यायचं. कातळावर पोचायच्या आधी मी ते पुसायची.

ताईला कळत असावं. एकदा ती म्हणाली, "पँट मागून मळलीय तुझी. दर वेळी मळते."

"बसले होते."

"बरं," ती म्हणाली आणि शाल झटकायला लागली.

संक्रांत होऊन गेली. गवत कमरेएवढं, वाळून पिवळं पडलं होतं, कुसळं मोज्यांतून आत शिरायची. त्या रविवारी वारा होता. धुकं असूनही वारा, याचं मला जरा नवल वाटलं. ताई कातळावर बसली, मी पुढे निघाले. पाय चांगला चालला होता. थंडी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मी खिंडीपर्यंत कुठेही न थांबता पोचले. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होते. मग सरळ उभी राहून खाली पाहिलं.

सोंडेच्या खालच्या अंगाला धुकं साचलं होतं. म्हणजे मला ते धुकं वाटलं. सकाळभर सगळीकडे धुकंच होतं. पण बाकीचं धुकं उन्हाने विरत चाललं होतं आणि हे दाट होत होतं. रंगही वेगळा होता, कडेला पिवळट. त्यावर घारी फिरत होत्या, एक-दोन नाही, पुष्कळ. तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला.

कोणीतरी गवताला आग लावली होती, किंवा लागली होती. वणवे मी आयुष्यभर लांबून पाहत आले आहे. रात्री बदलापूरच्या डोंगरांवर दिसणाऱ्या लाल माळा. त्या इतक्या सावकाश सरकतात की बघता बघता आपण झोपून जातो. इथे वरून मला ज्वाळा दिसत नव्हत्या, फक्त धूर दिसत होता आणि तो पठाराच्या दिशेने वर येत होता.

मी फोन काढला. खिंडीत रेंज असते. ताईला लावला. रिंग वाजली, वाजत राहिली, कोणी उचलला नाही. परत लावला. परत तेच.

खिंडीच्या पलीकडे वाट दुसऱ्या खोऱ्यात उतरते. तिकडे ऊन पडलं होतं, सगळं स्वच्छ होतं. मी तिकडे एकदा पाहिलं. हे मला नीट आठवतं. मग मी घसाऱ्याकडे वळले.

तिथे मी थांबले. बसायला गेले. सवय झाली होती. पण बसून सरकत उतरायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. मी उठले आणि पळाले. ते पळणं चांगलं नव्हतं, हात दोन्हीकडे फेकले जात होते, पायाखालचा मुरूम माझ्याबरोबर खाली येत होता. उजवा पाय एकदा तिरका पडला आणि घोट्यातून कळ वर गुडघ्यापर्यंत गेली. मी मोठ्याने ओरडले, पण थांबले नाही. संपूर्ण उतारभर माझ्या डोक्यात एकच विचार होता, की ती शुगरची पेशंट आहे आणि सकाळी फक्त चहा-खारी खाऊन आलीय. त्याचा आगीशी काय संबंध, मला माहीत नाही.

पठारावर आले तेव्हा धूर तिथे पोचला होता. डोळे चुरचुरत होते. आग अजून खाली होती, पण आता तिचा आवाज येत होता. तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखी तडतड, न थांबणारी. काळे कोतवाल पक्षी धुरातून सुरकन खाली जात होते आणि उडणारे किडे टिपत होते.

कातळावर शाल होती. बाटली होती. फोन होता, त्यावर गाणं चालू होतं. ताई नव्हती.

"ताई!"

काही नाही. मी कातळाच्या चारी बाजूंनी फिरले. "ताई! ओ ताई!" गाणं बंद केलं, म्हणजे ऐकू येईल. आता फक्त तडतड. वाट खाली धुरात जात होती. ती खाली गेली असेल, असं मनात आलं. धूर दिसल्यावर घाबरून ती गावाकडेच जाणार. तिला आणखी कुठली वाट माहीतच नव्हती. मी वाटेवर थोडी उतरले. उष्णता तोंडावर आली, परत वर आले.

मग डावीकडून, ओढ्याच्या बाजूने, तो आवाज आला. मशिनींच्या वरचा.

"अगं इकडे! इकडे!"

ओढा कोरडा होता. कडेला झुडपं. ताई तिथे आडोशाला गेली होती. ती आता ओढ्यातल्या दगडांवरून खाली उतरायला लागली होती, एका हाताने ओढणी नाकाला धरून.

"ताई, खाली नको. वर या."

"खाली गाव आहे! खाली चल! दिसत नाही का आग लागलीय?"

"आग खालून येतेय, ताई. आपण तिच्या तोंडात जाऊ."

"मग वर चल. तू म्हणतेस ना खिंड, चल तिकडे."

मी वर पाहिलं. पठारापासून घसाऱ्यापर्यंत सगळं गवत. वारा चढावर. मी एकटी असते तर कदाचित पोचले असते. ताईला कातळापर्यंत यायला दर वेळी किती वेळ लागायचा, ते मी बघितलं होतं. ताईनेही माझ्या चेहऱ्यावरून ते वाचलं.

"तू जा," ती म्हणाली. "पळ. तुला येतं पळता. मी या दगडांत बसते."

"इथे झुडपं आहेत. कातळावर चला."

"मला नाही चढवणार आता."

"चढवेल. हात द्या."

तिचा हात घामाने निसटत होता. मी तिला मनगटाला धरून ओढलं. ओढ्याचा काठ तीन-चार हात उंच असेल, पण तिचे नवे बूट मातीवरून घसरत होते. एकदा दोघी मागे पडलो. तिने हिंदीत एक शिवी घातली, कोणाला ते कळलं नाही. मग ती गुडघ्यांवर आली आणि रांगत वर चढली.

कातळावर पोचल्यावर मला वाटलं, आता वाचलो. मग मी कडेला पाहिलं. गवत कातळाला अगदी चिकटून उभं होतं, काही ठिकाणी भेगांतून वरही आलेलं.

"हे उपटायचं," मी म्हटलं. "कडेने सगळं. आत ओढायचं नाही, बाहेर फेकायचं."

आम्ही दोघी वाकून गवत उपटायला लागलो. वाळलेलं गवत हात कापतं. काही मुळासकट निघत होतं, काही मधेच तुटत होतं, ते बुटाने तुडवत होतो. ताई कारखान्यातल्यासारखी बोलायला लागली होती. "ही बाजू माझी, ती तुझी. हात चालव. बघू नको तिकडे, हात चालव." मी बघत होते. धुराच्या आत आता केशरी रंग दिसत होता.

पूर्ण कड साफ झाली नाही. अर्धीच झाली. उष्णता इतकी वाढली की कडेला उभं राहवेना. आम्ही मधोमध आलो. दोन लिटरची बाटली अजून बरीचशी भरलेली होती. मी शाल त्या पाण्याने भिजवली, लोकर पाणी पिईचना, दाबून दाबून भिजवावी लागली. आणि दोघी खाली बसलो, डोक्यावरून शाल घेऊन, तोंडं गुडघ्यांत.

त्या वेळी मला जे झालं ते सांगणं कठीण आहे. माझे पाय पळायला मागत होते. घसाऱ्यावर ज्यांनी इतके रविवार हलायला नकार दिला होता तेच. अजून वेळ आहे, अजून वरची वाट मोकळी असेल, ऊठ, असं अंगातून कोणीतरी सांगत होतं. मी उठायला लागले असेन, कारण ताईने माझी कंबर दोन्ही हातांनी धरली.

"बस," ती म्हणाली. "तूच म्हणालीस बसायचं."

"हो."

"मग बस."

आग आली तेव्हा आवाजच जास्त होता. शालीतून उजेड दिसला, आधी एका बाजूने, मग तीन बाजूंनी. श्वास घेतला की घसा भाजायचा. ताई काहीतरी पुटपुटत होती. आधी मला वाटलं ती वंदना म्हणतेय, विहारात म्हणतात ती. नंतर कळलं की ती मुलाचं नाव घेतेय, पुन्हा पुन्हा, हाक मारल्यासारखं. पाठीवर काही पडलं, गरम. शालीला चटका बसल्याचा वास आला. ताईच्या हातावर ठिणगी पडली असावी, ती किंचाळली पण तिने हात काढला नाही, माझ्या कमरेवरच ठेवला. मी चाचपडत तिच्या हातावर थापट्या मारल्या. तिच्या बाहीचा कपडा वितळून चिकट झाला होता.

मग आवाज आमच्या वरच्या अंगाला गेला.

मी शाल बाजूला केली. पठार काळं झालं होतं. आग आम्हाला वळसा घालून पुढे सरकली होती आणि घसाऱ्याच्या दिशेने चढत होती, आता पाठमोरी. इकडेतिकडे गवताची ठोंबं धुमसत होती. कातळाच्या ज्या बाजूचं गवत आम्ही काढलं नव्हतं तिथे दगड काळाठिक्कर पडला होता. हे सगळं फार लवकर झालं होतं. मला वाटलं होतं, खूप वेळ गेला.

ताई खोकत होती. तिच्या भुवया आणि कपाळावरचे केस जळून आखूड झाले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या पण."

आम्ही काळ्या जमिनीवरून खाली उतरलो. बुटांचे तळवे मऊ पडल्यासारखे वाटत होते, थांबलं की भाजायचं, म्हणून थांबायचं नाही. माझा घोटा आता ठणकायला लागला होता. ताईने माझा दंड धरला होता की मी तिचा, सांगता येणार नाही.

गावाच्या वरच्या अंगाला माणसं हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होती. वाऱ्याने गावाकडे येऊ नये म्हणून. आम्हाला धुरातून येताना बघून एक वयस्क बाई फांदी टाकून धावत आली.

"आगो बाय! वर व्हत्याव तुमी?"

ताईने मान हलवली. तिच्या तोंडून शब्द निघेना. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला असं पाहत होते. बाईने आम्हाला अंगणात नेलं, माठातलं पाणी दिलं, ताईच्या हातावर पाण्याची धार धरली. "गटागटा पिऊ नको, घोट घोट पी," असं आम्हाला लहान पोरींसारखं दटावलं. आग कोणी लावली, हे तिलाही माहीत नव्हतं. दर वर्षी लागते, एवढंच म्हणाली.

अंबरनाथला दवाखान्यात ताईचा हात बांधून घेतला आणि मी तिला घरी हेंद्रेपाड्याला घेऊन आले. वाटेत ती एकदाच बोलली. "त्याला काय सांगायचं?"

"झालं तेच."

"हो. तेच."

नवऱ्याने दार उघडलं. आमच्या जळक्या केसांचा वास आमच्या आधी घरात गेला असावा. तो बाजूला झाला, आम्ही आत बसलो, आणि ताईने सगळं सांगितलं. खालून आलेला धूर, ओढा, कातळ. तिचं सांगून झालं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता बास. आता नाही."

"ते तुम्ही दोघं बघा," ताई म्हणाली. "मी मात्र डोंगर चढणार नाही परत. मेले तरी नाही. पण एक ऐक. तिला दुसरीकडून वाट होती. ती खाली आली माझ्यासाठी."

"म्हणूनच तर," नवरा म्हणाला. "उद्या परत अशीच आगीत उतरेल ती. कोणासाठी तरी."

मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागे गेले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मी म्हटलं, "मला आज तिथे खूप भीती वाटली." तो म्हणाला, "मला माहितीये." तेवढंच.

दोन आठवडे मी बूट घातले नाहीत. खोकला होता, घोटा सुजला होता. एक्स-रे काढला, पट्टी जागेवर होती. प्रयोगशाळेत मुली माझ्या भुवयांकडे बघून विचारायच्या, मी गॅसचा भडका म्हणून सांगायची. रात्री झोपेत तडतड ऐकू यायची. हे सोडून द्यावं, असं मी खरोखर ठरवलं होतं. नदीकडचा रस्ता पुरे.

मग एका शनिवारी ताईचा फोन आला.

"उद्या स्टेशनला कधी येऊ?"

"ताई, तुम्ही म्हणालात ना, मेले तरी नाही."

"चढणार नाही म्हटलं. येणार नाही कुठे म्हटलं? ती बाई आहे ना गावातली, तिच्याकडे वालाच्या शेंगा आहेत, मेथी आहे. परवा फोन केलेला मी तिला. आमच्या बायकांना सांगितलं, सगळ्यांना पाहिजे ताजी भाजी. मी बसते तिच्या अंगणात. तू जा वर."

मी नवऱ्याकडे पाहिलं. फोनवरचा तो आवाज त्यालाही ऐकू गेलाच होता. त्याने जेवण संपवलं, ताट उचललं, आणि मोरीपाशी पाठ करून म्हणाला, "निघायच्या आधी गावात विचारायचं, वर कुठे आग आहे का. खिंडीत पोचलीस की मेसेज करायचा. खाली आलीस की परत. आणि वारा असेल तर जायचं नाही."

"नाही जाणार."

त्या रविवारी डोंगर काळा होता. बुटांवर राख उडत होती, मोजे काळे झाले. कातळापाशी मी थांबले नाही. खिंडीत पोचले, मेसेज केला, त्याचं लगेच 'ओके' आलं, म्हणजे तो फोन हातात धरून बसला होता. मग वळले. खाली घसारा.

मला वाटलं होतं, आता जमेल. त्या दिवशी मी इथूनच पळत गेले होते. हे मला माहीत होतं, माझ्या पायाला माहीत नव्हतं. तो तसाच अडला. तळहातांना तसाच घाम. मी बराच वेळ उभी राहिले आणि शेवटी बसले, सरकत उतरले. राखेतून. खाली आले तेव्हा मागून पूर्ण काळी झाले होते आणि त्या गावातल्या बाईला हसू आवरलं नाही.

पण त्या वेळी मला राग आला नाही. का नाही आला, याचा मी फार विचार केला नाही. पुढच्या रविवारी वरचे चार दगड उभ्याने उतरले, मग बसले. त्याच्या पुढच्या रविवारी वारा होता, म्हणून गेलेच नाही. मग कंपनीत एकाच्या जागी ड्यूटी करावी लागली, तेव्हा एक रविवार चुकला आणि सोमवारी सुट्टी घेऊन एकटीच जायला निघाले. नवरा दारात उभा राहिला. "ताई?" त्याने विचारलं. "तिचा लॉट आहे," मी म्हटलं. तो आत गेला, शर्ट घालून आला, आणि माझ्याबरोबर स्कूटरवर बसला. गावात त्या बाईच्या अंगणात खाटेवर बसून राहिला पूर्ण वेळ. मी परत आले तेव्हा तो शेंगा सोलत होता, फारच हळू, आणि त्याची मान डोंगराकडेच होती.

घसारा उभ्याने उतरायला मला थंडी संपेपर्यंत लागली. धावत नाही, चालत. उजवा पाय टाकायच्या आधी अजूनही मी क्षणभर थांबते, दगड बुटाने चाचपून बघते. फेब्रुवारी सरताना ऊन चटकायला लागलं तेव्हा मी शेवटच्या दहा-बारा दगडांवर जरा पळाले. पठारावर काळ्या ठोंबांमधून हिरवी पाती निघायला लागली होती.

खाली आले तर ताई अंगणात पिशव्या बांधून तयार, वैतागलेली.

"किती वेळ! मेथी सुकली सगळी. बायका काय म्हणतील मला?" तिने एक पिशवी माझ्या हातात कोंबली. "धर ही. जड आहे, सांभाळून."